आमटीत पाणी कुणी ओतलं?

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी ४३ वर्षांचा, मूळचा गडहिंग्लजकडचा, नोकरीमुळे गेली १९ वर्षं पुण्यात. घरी बायको आणि मुलगी. वडील गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी, आई आमच्याकडे राहायला आली. ती ७१ वर्षांची आहे. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत, बाकी तब्येत ठीक. तिच्या हातच्या मसुराच्या आमटीवर मी वाढलो. ती पुण्यात येणार म्हटल्यावर, खरं सांगतो, मला सगळ्यात जास्त आनंद त्या आमटीचा झाला होता. पण गेलं वर्षभर तिचा स्वयंपाक बहुतेक दिवस खारट होतोय, मधूनच एखाद्या दिवशी अळणी. तिला वाईट वाटेल म्हणून आम्ही बोललो नाही. बायको आमटीत गुपचूप पाणी घालायची, बटाट्याची फोड टाकायची. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी आई पाणी प्यायला आत गेली आणि तिनं ते पाहिलं. “असं कधीपास्नं चाललंय?” एवढंच म्हणाली. मी बाहेर सोफ्यावर होतो. ऐकू आलं, पण फोनवर बोलत असल्यासारखं केलं. त्या दिवसापासून ती ओट्याकडे फिरकलेली नाही. वाढू ते जेवते, “झ्याक झालंय” म्हणते. तिला खरं सांगावं का? आणि ती जुनी चव परत येईल असं काही करता येतं का?

जाता जाता एक. उन्हाळ्यात तिनं केलेल्या चटणीची बरणी अजून अर्धी भरलेली आहे. तीही खारट आहे. बायको म्हणते, टाकून देऊ. काय करू?

(नाव छापू नये.)

*

मावशी म्हणालास म्हणून अरे-तुरे करते, आणि मावशी आहे म्हणून थोडं लागेल असंही बोलते.

“तिला खरं सांगावं का?” हा तुझा प्रश्न तीन आठवडे उशिरा आलाय. तिला कळलंय. तिच्या तोंडून जे निघालं त्यात ‘कधीपास्नं’ हा शब्द आहे, तिथं जरा थांब. आमटी खारट झाली याचं तिला फार काही वाटलं नसणार. पन्नास वर्षं चुलीपुढं काढलेल्या बाईच्या हातून कधीमधी आमटी खारट झालेलीच असते, आणि घरातल्यांनी तसं तोंडावर सांगितलेलंही असतं. तिला हिशेब लागत नाहीये तो तुमच्या ‘छान झालंय’चा. वर्षभरातलं कुठलं ‘छान’ खरं होतं आणि कुठल्यात पाणी होतं? आणि वर्षभराचंच कशावरून? आता ती तुमच्या जेवणाला रोज “झ्याक झालंय” म्हणते ना, ते तुमचंच नाणं तुम्हाला परत देतेय. हुशार बाई आहे.

दुसरं. पाणी ओतलं कुणी? तू लिहितोस, ‘बायको घालायची’. हात तिचा होता, खरं आहे. पण आई दुखावली जाऊ नये ही काळजी कुणाची होती? तुझी. ती निभावायचं काम मात्र सुनेवर पडलं, पकडली गेली तीही सूनच, आणि मुलगा बाहेर फोन कानाला लावून बसलेला. आता तुझ्या आईच्या डोक्यात ही गोष्ट ‘सुनेनं माझ्या आमटीत पाणी ओतलं’ अशीच बसली असणार. तेव्हा पहिली माफी बायकोची. आजच. तिच्यापाशी जाऊन म्हण, की त्या रविवारी आत यायला हवं होतं ते मी. मग आईपाशी. तिथं भाषण करायचं नाही, दोन वाक्यं पुरे: “पाणी मीच घालायला सांगत होतो. तुला सांगायची छाती झाली नाही.” ती काही बोलेल, किंवा नुसतीच पदरानं चष्मा पुसत बसेल. उठून जाऊ नकोस.

माझी आई कऱ्हाडची. २००३ साली गौरी जेवणाच्या दिवशी आमच्या घरी बारा-तेरा पानं होती. पुरण तिचं, पोळ्या तिच्या, कटाची आमटी तिची. पहिला भुरका मारून मी मोठ्यानं म्हणाले, “आई, आमटीत मीठ दोनदा पडलंय का गं?” सगळे हसले. तीही हसली. मी खरं बोलले होते, तुझ्यासारखं लपवलं नव्हतं, आणि तरी चुकले, कारण पंगतीत बोलले. पुढच्या वर्षी ती म्हणाली, गुडघे धरतात, पोळ्या बाहेरून मागवू. त्याच्या पुढच्या वर्षीही गुडघेच. तिचे गुडघे अगदी व्यवस्थित होते रे, देवळाच्या पायऱ्या ती माझ्या आधी चढायची. पुरणाचं पातेलं तिनं पुन्हा चढवलं नाही. मला हे समजायला किती वर्षं लागली ते सांगत नाही. समजलं तेव्हा विचारायला ती नव्हती.

म्हणून तुझ्या पत्राला जरा लांब उत्तर देतेय.

एक गोष्ट मला पत्रातून कळली नाही, पण मी पैज लावते. तुझी आई स्वयंपाक करताना चाखून बघत नाही. बरोबर? त्या पिढीतल्या कितीतरी बायका बघत नाहीत. नैवेद्याचं तर चाखायचंच नसतं, आणि ती सवय रोजच्या स्वयंपाकातही मुरलेली असते. पळी तोंडाला लावली की उष्टं. मग मीठ बरोबर पडलंय हे कळायचं कसं? मी एकदा आईला विचारलं होतं. म्हटलं, मिठाला काय वास असतो? ती म्हणाली, “मिठाला नसतो, उकळीचा वास बदलतो.” मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पुढं कुठंतरी वाचलं, की पाण्यात मीठ विरघळलं की त्यातली काही सुगंधी द्रव्यं पाणी सोडून लवकर वाफेवर येतात. म्हणजे ती खरंच नाकानं मीठ बघत होती.

आता वयाचं बघ. साठी-सत्तरीनंतर दृष्टी मंदावते तसा वासही मंदावतो, आणि जिभेपेक्षा नाक लवकर मंदावतं. चष्मा लागला की चारचौघांत कळतं, कानाला यंत्र लावलं की दिसतं. नाक गेलेलं कुणाला दिसत नाही, बऱ्याचदा त्या माणसाला स्वतःलाही नाही, कारण ते इतकं हळूहळू जातं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासच असतो. विश्वास बसत नसेल तर नाक दाबून वेलदोड्याचा पेढा तोंडात टाक. नुसतं गोड लागेल. मग नाक सोड, तेव्हा वेलदोडा येईल. तुझ्या आईला दिवसभर कुणीतरी असं थोडं थोडं नाक दाबून धरलंय असं समज. आमटी तिला मिळमिळीत लागते, काहीतरी कमी पडलंय वाटतं, आणि आपल्याकडे ‘काहीतरी कमी पडलंय’ म्हटलं की हात आधी मिठाच्या डब्याकडे जातो. मग एखाद्या दिवशी तिला आठवतं की हल्ली पोरं आमटी कमी घेतात. हात आखडतो. तो तुमचा अळणी दिवस.

म्हणजे हाताची चव गेलेली नाही. हात तेच आहेत. त्यांना खबर देणारं नाक दगा देतंय.

यात गोळ्यांचाही भाग असू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी चव बदलते, साखरेच्या मेटफॉर्मिननं काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते, बऱ्याच औषधांनी तोंड कोरडं पडतं. कवळी असेल तर तिचाही फरक पडतो, वरची कवळी टाळू झाकते. जस्त कमी पडलं तरी चव जाते. नाकात जुनी सर्दी, मांस वाढलेलं असलं तर ते साधं उपचारानं सुधारण्यासारखं कारण. तेव्हा पुढच्या तपासणीला तू स्वतः बरोबर जा आणि डॉक्टरांना ‘वास आणि चव’ असं स्पष्ट शब्दांत सांग, कारण आई सांगणार नाही. ‘बाई, वास येत नाही’ अशी तक्रार घेऊन दवाखान्यात जाणारी म्हातारी मी तरी पाहिलेली नाही. आणि परस्पर एकही गोळी बंद करायची नाही.

हे खारटपण पोटातही जातंय हे विसरू नकोस. जागतिक आरोग्य संघटना माणसी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे साधारण एक छोटा सपाट चमचा, त्यात लोणचं-पापड सगळं आलं. रक्तदाब असलेल्या बाईच्या ताटात वर्षभर खारट आमटी जातेय, आणि बायको पाणी घालत होती ते तुमच्या वाटणीत, की तिच्याही? आणि हो, ते बटाट्याचं. बटाटा वेचून मीठ ओढून घेत नाही, तो खारट पाणी पितो आणि स्वतःही खारट होतो. आमटी सुधारते ती वाढवलेल्या पाण्यानं. बाजारात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मात्र स्वतःच्या मनानं आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या ठराविक गोळ्या चालू असतील तर ते महागात पडतं. डॉक्टरांना विचारून काय ते.

एक काम मात्र या पत्राचा कागद खाली ठेवायच्या आत कर. घरात सिलिंडर आहे ना? गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. नाक मंदावलेल्या माणसाला ते कळत नाही, आणि दिवसा घरात ती एकटी असली तर आणखीच धोका. गॅस गळला की वाजणारं यंत्र मिळतं, ते लावून घे. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो, म्हणून यंत्र जमिनीपासून थोड्याच उंचीवर बसवायचं. काहीजण छताशी लावून मोकळे होतात. फ्रिजमधल्या डब्यांवर तारखेची चिठ्ठी लाव, विरजलेलं दूध किंवा आंबलेली भाजी तिला वासावरून ओळखू येईलच असं नाही.

आता स्वयंपाकघरात चल. मला पोलिसांसारखे काही प्रश्न विचारायचे आहेत.

गावाकडं ती किती माणसांचं करत होती? तुझे आजी-आजोबा, काका, तुम्ही भावंडं, शेतावरचा एखादा गडी, सहज आठ-नऊ पानं असतील. तिच्या हाताचा अंदाज त्या पातेल्यावर पक्का झालाय. पुण्यात ती चौघांची आमटी टाकते. पातेलं छोटं झालं, मूठ तेवढीच राहिली.

मीठ कुठलं? गावाकडं खडा मीठ असणार, तू आणतोस ते बारीक, पिशवीतलं. खड्यांच्या मधे पोकळी राहते, बारीक मीठ दाबून बसतं. त्याच चमच्यात, त्याच चिमटीत बारीक मीठ वजनाला जास्त भरतं. नाक शाबूत असतं तर तिनं हे आठ दिवसांत सांभाळून घेतलं असतं. ते सांभाळणंच आता होत नाहीये.

आणि चटणी. हे तुला माहीत असायला हवं, पण तू पुरुष माणूस, कोल्हापूरकडचा असलास तरी चटणी कुटायच्या दिवशी घराबाहेरच असणार. तुमच्याकडं कांदा-लसणाच्या मसाल्याला नुसतं ‘चटणी’ म्हणतात, पुण्याच्या बाईला ती तोंडीलावणं वाटते. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी चुरचुरीला. तुझी आई तर गडहिंग्लजच्या मिरचीबाजाराजवळची, तिला मिरची शिकवायला नको. मिरचीची देठं खुडायची, उन्हात कडकडीत वाळवायची, धणे-जिरे-तीळ-खसखस-खोबरं, लवंग-दालचिनी, दगडफूल, हळकुंड, सगळं वेगवेगळं तेलावर परतायचं, कांदा तांबूस करायचा, आणि डंकावर कुटताना लसूण, आलं, कोथिंबीर आणि मीठ. मीठ! ओला कांदा-लसूण वर्षभर टिकायचा तर चटणीत मीठ लागतंच. म्हणजे आमटीत चटणी पडली की थोडं मीठ आधीच पडलेलं असतं, आणि वरून घालायचं ते उरलेलं. हे गणित तुझ्या आईच्या हातात होतं. चटणीचा चमचा जरा मोठा झाला, मिठाचा तेवढाच राहिला, की आमटी गेली. आणि तू लिहितोस त्यावरून यंदाच्या चटणीतच मीठ जास्त पडलंय. मग वर्षभर आमटी खारट व्हायला आणखी काय हवं?

बघ, चार गोष्टी झाल्या आणि त्यातल्या तीन ‘म्हातारपण’ नाहीत. आईशी बोलताना इथून सुरुवात कर. “तुझं नाक गेलं” असं म्हणून नको. “आई, तिकडचं खडा मीठ होतं, हे बारीक आहे, त्यानं घोळ होतोय का गं?” असं विचार. तिला विचारायचं, सांगायचं नाही. ती जाणकार आहे, कारण ती शोधेल. माझी खात्री आहे, अर्ध्या तासानं तीच म्हणेल, “मला हल्ली फोडणीचा वास बी येत न्हाई.” तिला बोलू दे.

मग आमटी. रविवारी सकाळी तू आत जा. तू. बायकोला म्हण, आज बाहेर पेपर वाच, चहा मी आणतो. आईला ओट्याशी खुर्ची दे आणि म्हण, मला मसुराची आमटी करायची आहे, तू सांग. ती म्हणेल, “मला काय कळत न्हाई आता, तुमचं तुम्ही करा.” ठीक. तू मसूर धू, तेल तापत ठेव आणि मोहरी टाकायच्या आधी मुद्दाम जिरं टाक. तिला खुर्चीत बसवणार नाही ते. ही लबाडी आहे, पण पाण्याच्या लबाडीपेक्षा बरी.

इथं तुझ्या आठवणींचं काम सुरू होतं. त्या आमटीच्या आठवणीबद्दल तू अर्ध्या ओळीत उरकलंस, पण मला त्यातच उत्तर दिसतं. ती आमटी बरोबर झाली म्हणजे कशी लागते हे आज जगात किती माणसांना ठाऊक आहे? तुझे वडील गेले. आईचं नाक साथ देत नाही. तुझ्या बायकोनं ती आमटी ऐन भरातली कधी खाल्लेली नसणार, मुलीनं तर नाहीच. उरलास तू आणि भावंडं. पुण्याला येईपर्यंत तू आयतं बसून खाल्लंस, त्याबद्दल कुणी तुला कधी बोललं नाही. पण त्या खाण्यानं तुझ्या जिभेवर एक माप तयार झालंय, आणि तुझ्या आईला आज नेमकं तेच माप हवंय. हात तिचा, जीभ तुझी. ती घालेल, तू वाटीत काढून चाखशील आणि उघड सांगशील, “अजून लागतंय”, “बास”, “कोकम जास्त झालं”. लपूनछपून नाही, ओट्यापाशी, तिच्यासमोर. उष्टं नको म्हणून वेगळी वाटी, वेगळा चमचा. नैवेद्याच्या दिवशी ती म्हणेल चाखायचं नाही. त्या दिवशी चाखू नका, मोजून घाला.

मोजायचं कसं, तर तिच्या हाताखाली वजनकाटा सरकवू नकोस, अपमान वाटेल. मिठाचा डबा स्वयंपाकाच्या आधी एकदा वजन करून ठेव आणि नंतर एकदा. मधला फरक म्हणजे तिची मूठ. चटणीच्या छोट्या डब्याचंही तसंच. ज्या दिवशी तुझी जीभ म्हणेल ‘हीच’, त्या दिवशीचे आकडे वहीत लिही: मसूर इतकी वाटी, पाणी इतकं, चटणी इतके ग्रॅम, मीठ इतकं. पाच-सहा रविवार लागतील. त्यानंतर मिठाच्या डब्यात त्या मापाचा एकच चमचा टाकून ठेवायचा. मग ती रोज एकटीनं आमटी टाकेल आणि तुला ऑफिसातून येऊन चाखायची गरज पडणार नाही.

तिच्या ताटाचंही बघ. आपल्याला बरोबर लागणारी आमटी तिला फिकीच लागेल, त्याला इलाज मीठ नव्हे. तिच्या वाटीत लिंबू पिळ, वरून लसणाची चरचरीत फोडणी घाल, कोथिंबीर मूठभर, शेजारी कारळ्याची चटणी कमी मिठाची, दोडक्याच्या शिरांची कुरकुरीत. आंबट, तिखट, कुरकुरीत, गरम. नाक साथ देत नसलं की तोंडाला या बाकीच्या गोष्टींची मदत होते. आणि एक करून बघण्यासारखं आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या डॉक्टरांनी २००९ साली वास गेलेल्या लोकांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास १२ आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ हुंगायला दिले, आणि त्यातल्या काहींच्या नाकात सुधारणा झाली. सगळ्यांच्या नाही, आणि वयामुळं गेलेला वास परत येईलच असं मी म्हणणार नाही. पण लवंग आणि लिंबू घरातच आहेत. तुझ्या मुलीला आजीबरोबर डोळे मिटून ‘ओळख काय आहे’ खेळायला बसव. डब्यातलं जिरं, हिंग, दगडफूल, धणे. पोरीला मसाल्याचा डबा कळेल, हे वर.

कुठं थांबायचं तेही सांगते. नुसतं मीठ चुकणं वेगळं, आणि आमटी कशी करतात याचा क्रमच विसरणं वेगळं. गॅस चालू ठेवून निघून जाणं, तीच भाजी दोनदा करणं, डाळ घालायचीच राहणं, ओळखीचं नाव न आठवणं, चालताना-लिहिताना हात थरथरणं किंवा मंदावणं, असं काही वासाबरोबर दिसत असेल तर महिनाभर वाट बघू नकोस, मेंदूविकारांच्या डॉक्टरांना दाखव. वास जाणं हे काही आजारांचं फार आधीचं लक्षण असू शकतं. तुझ्या पत्रात तसं काही नाही. भिऊ नकोस, डोळे उघडे ठेव.

तुझ्या बायकोबद्दल अजून एक शब्द. ओटा तिचाही आहे. ‘आईची आमटी’ घरात परत आणायच्या नादात तिच्या आमटीला बिनआवाजाचं दुय्यम करू नकोस. तिची आमटी कशी असते, हे तू एका ओळीतही लिहिलं नाहीस, आणि ती तू गेली कित्येक वर्षं खातोयस.

आणि ‘ती जुनी चव’? थोडी येईल. सगळी नाही येणार. त्या आमटीत विहिरीचं पाणी होतं, चुलीचा धूर होता, खोबरं-लसूण पाट्यावर वाटलेलं होतं, आणि शाळेतून तीन मैल चालत आलेल्या पोराची भूक होती. यातलं शेवटचं तर कुठल्याच दुकानात मिळत नाही. सोफ्यावरून उठून जेवायला बसलास तर येणारच नाही. रविवारी आमटीच्या आधी तिला घेऊन तासभर टेकडीवर जाऊन ये. तिचे गुडघे खरंच दुखत असतील तर खालच्या बाकावर बसू दे, तू चढून ये.

आता बरणी. टाकू नका, बाबांनो! किलोभर मिरचीची देठं खुडून त्या वयात केलेली चटणी आहे ती, आणि ती कचऱ्यात गेलेली तिनं पाहिली तर माझं हे सगळं उत्तर फुकट. चटणीत मीठ जास्त आहे, एवढंच ना? मग त्या बरणीची आमटी करताना वरून मीठच घालायचं नाही. चटणी घाल, उकळी येऊ दे, वाटीत काढून चाख, लागलं तरच चिमूट. झुणक्याला, भरल्या वांग्याला, मटकीच्या उसळीला तसंच. बरणीवर कागद चिकटव, ‘मीठ घातलेलं आहे’. कोरडा चमचा वापरा, वरचे हिंगाचे खडे काढू नका, फडकं बांधून ठेवा, चैत्रापर्यंत पुरेल. त्याच्या आधी मार्चमध्येच चार दिवसांची रजा टाक आणि तिला गडहिंग्लजला घेऊन जा. मिरची तिला निवडू दे. देठं तू खूड. आणि डंकावर मीठ घालायच्या वेळी, पिशवी तुझ्या हातात असू दे, किती ते तिला विचार.